शाळेत आरोग्यसेवेची कौशल्यं शिकवताना: पहिल्यांदाच वर्ग घेणाऱ्यांसाठी

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला नाडी मोजता येते, ताप नीट पाहता येतो, वाहतं रक्त थांबवता येतं. सराव मिळाला तर हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती योग्य तितकी दाबताही येते. पण यातलं काहीच नुसतं ऐकून येत नाही. तुम्ही शिक्षक असा, परिचारिका असा, डॉक्टर असा किंवा प्रथमोपचार शिकलेले स्वयंसेवक असा, शाळेत पहिल्यांदा असा वर्ग घेणार असाल तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: विषय कमी घ्यायचे आणि प्रत्येक विषय प्रत्येक मुलाच्या हातून करवून घ्यायचा. चाळीस मुलांसमोर एकाने प्रात्यक्षिक केलं आणि बाकीच्यांनी पाहिलं, तर शिकलं फक्त ते एक मूल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ‘किड्स सेव्ह लाइव्हज’ या आवाहनाला पाठिंबा दिला. बाराव्या वर्षापासून मुलांना दरवर्षी दोन तास सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणं) शिकवावं, अशी त्यात शिफारस आहे. वेळ दोनच तास, पण दरवर्षी. इथे सीपीआरबरोबर इतर कौशल्यंही आहेत, म्हणून वेळ थोडा जास्त लागेल, पण थोडं शिकवायचं आणि पुन्हा पुन्हा शिकवायचं, याच धोरणावर पुढचं सगळं नियोजन बेतलेलं आहे.

पायरी १: वर्गात जाण्याआधी

सहा सत्रं मिळाली तर पुरेशी आहेत. प्रत्येक सत्र दीड तासाचं धरा आणि त्यातली निदान पन्नास मिनिटं मुलांच्या हातांसाठी राखून ठेवा. एका प्रशिक्षकामागे सहा ते आठ मुलं, हे प्रमाण चांगलं. वर्ग मोठा असेल तर सगळ्यांना एकदम घेण्याचा मोह टाळा. अर्धा वर्ग आज, अर्धा उद्या.

शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी घ्या. त्या पत्रात काय शिकवणार आणि मुलं एकमेकांना कुठे स्पर्श करणार (मनगट, दंड, खांदा) हे साध्या भाषेत लिहा. वर्गशिक्षकांना बाजूला घेऊन एक प्रश्न जरूर विचारा: कुणाला आकडी येते का, कुणाला दमा आहे का, अलीकडे कुणाच्या घरी मृत्यू झाला आहे का? ज्या मुलीचे वडील महिन्यापूर्वी हृदयविकाराने गेले, तिला काही कल्पना न देता सीपीआरच्या सत्रात बसवणं क्रूर ठरेल. तिला आधी भेटा, सत्रात काय होणार ते सांगा आणि यायचं की नाही हे तिलाच ठरवू द्या.

सामान फार लागत नाही. सेकंदकाटा असलेली घड्याळं, डिजिटल थर्मामीटर, दंडाला बांधायचं स्वयंचलित रक्तदाब यंत्र, हातमोजे, गॉझ आणि पट्ट्या, सरावाचे पुतळे. पाऱ्याचे थर्मामीटर कुणी देऊ केले तरी घेऊ नका. पारा विषारी आहे आणि वर्गात काच फुटतेच. पाऱ्याविषयीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानेही अशी उपकरणं बाजारातून हटवण्यासाठी २०२० ची मुदत ठरवली होती.

पायरी २: पहिल्या पंधरा मिनिटांत तीन नियम

पहिला नियम स्पर्शाचा. हात लावण्याआधी विचारायचं: “मी तुझी नाडी पाहू का?” समोरचा नाही म्हणाला तर कारण न विचारता थांबायचं. जोड्या मुलांनाच निवडू द्या. ज्याला जोडीदार मिळाला नाही, त्याचे जोडीदार तुम्ही व्हा.

दुसरा नियम गुप्ततेचा. कुणाचा रक्तदाब किती आला, कुणाचे ठोके जास्त पडतात, हे वर्गाबाहेर बोलायचं नाही. वजन तर वर्गात करूच नका. त्यातून शिकायला फारसं काही मिळत नाही आणि जाड किंवा बारीक मुलाला ते वर्षभर चिकटतं.

तिसरा नियम मर्यादेचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. आपण पाहायचं, मोजायचं, लिहायचं, मदत बोलवायची आणि मदत येईपर्यंत शिकवलेलं तेवढंच करायचं. रोगाचं नाव सांगायचं नाही, औषध सुचवायचं नाही. नवं शिकलेलं मूल उत्साहात असतं. घरी जाऊन आजोबांचा रक्तदाब मोजेल आणि गोळी वाढवायला सांगेल, ही शक्यता खरी आहे. म्हणून प्रत्येक कौशल्याच्या शेवटी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: “इथे आपण कुठे थांबतो?”

पायरी ३: हात धुणे

हे सगळ्यांना येतं असं वाटतं, म्हणूनच इथून सुरुवात करा. मुलांना डोळे मिटायला सांगा, तळहातावर थोडासा धुऊन निघणारा रंग द्या आणि साबण लावतो तसा तो हातभर पसरवायला सांगा. डोळे उघडल्यावर अंगठे, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या कोऱ्या दिसतात. वेगळं काही सांगावं लागत नाही. मग क्रम शिकवा: तळवे, हातांची मागची बाजू, बेचक्या, अंगठे, नखं, मनगट. साबणाने निदान वीस सेकंद चोळायचं. डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले, ही हकिकत दोन मिनिटांत सांगा. मुलं ती विसरत नाहीत. हातमोजे काढतानाचा क्रमही इथेच शिकवा: बाहेरची बाजू उघड्या त्वचेला लागू द्यायची नाही, आणि मोजे काढल्यावर हात पुन्हा धुवायचे.

पायरी ४: नाडी, श्वास, ताप, रक्तदाब

या भागाला दोन सत्रं द्या. घाई इथेच नडते.

शिकवताना शल्यचिकित्सक रॉडनी पेटन यांची चार टप्प्यांची पद्धत वापरा, ती कुठल्याही हाताच्या कामाला लागू पडते. आधी तुम्ही न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवा. मग तेच सावकाश, प्रत्येक हालचाल समजावत. तिसऱ्यांदा मुलं तोंडाने सूचना देतात आणि तुम्ही फक्त तेवढंच करता. त्यांनी एखादी पायरी गाळली तर तुम्हीही गाळायची. चौथ्यांदा मूल स्वतः करतं. नवखे प्रशिक्षक तिसरा टप्पा हमखास सोडून देतात. पण मुलांना नेमकं काय कळलेलं नाही, हे उघड होतं ते त्याच टप्प्यात.

नाडी मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला पाहायची. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका हलकेच टेकवायची. अंगठ्याने पाहायची नाही, कारण अंगठ्यात स्वतःचे ठोके जाणवतात. मुलांची पहिली चूक जोरात दाबण्याची असते. नाडी दबते आणि “सर, हिला नाडीच नाही” असा पुकारा होतो. बोटं हलकी करायला सांगा. सुरुवातीला पूर्ण मिनिट मोजू द्या, सवय झाल्यावर तीस सेकंद मोजून दुप्पट करू द्या. ठोके अनियमित वाटले तर मात्र पुन्हा पूर्ण मिनिट.

आता एका गोष्टीकडे बारकाईने लक्ष द्या. वह्या फिरून पाहिल्यात तर बऱ्याच ठिकाणी ७२ दिसेल. पुस्तकात ७२ वाचलेलं असतं, म्हणून मोजणी चुकली की मुलं ७२ लिहून मोकळी होतात. रागावू नका, पण सोडूनही देऊ नका. तिघांचे गट करा: एकजण दोन्ही हात पुढे करून बसेल, दोघं एकेक मनगट धरतील, तुम्ही घड्याळ लावाल. दोघांनी आकडा न बोलता कागदावर लिहायचा आणि मग कागद उलटायचे. चारपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा मोजायचं. त्यानंतर त्याच मुलाला मिनिटभर उठाबशा काढायला लावा आणि परत मोजा. आकडा एकदम वर गेलेला दिसतो आणि खरा आकडा पुस्तकातल्या आकड्याहून वेगळा असू शकतो, हे तेव्हा पटतं. विश्रांतीत असलेल्या प्रौढाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात. नियमित खेळणाऱ्यांचे त्याहूनही कमी असू शकतात. मोजता आलं नाही तर “मोजता आलं नाही” असं लिहायचं, आणि असं लिहिणाऱ्याला पहिली शाबासकी द्या. खोटा आकडा रुग्णाला धोक्यात घालतो. हे वर्गात मोठ्याने सांगायला कचरू नका.

श्वास मोजताना सांगायचं नाही. “आता तुझे श्वास मोजते” म्हटलं की समोरच्याचा श्वास लगेच बदलतो. एकदा मुद्दाम करून दाखवा. नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरून ठेवायचं आणि नजर छातीकडे न्यायची. छाती एकदा वर आणि एकदा खाली, म्हणजे एक श्वास. विश्रांतीत प्रौढांचे मिनिटाला १२ ते २०.

थर्मामीटर काखेत लावताना काख कोरडी करायची, टोक खोलगट भागात बसवायचं आणि आवाज येईपर्यंत हात अंगाशी घट्ट धरायचा. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी येतो, म्हणून आकड्याबरोबर ‘काखेत’ हेही लिहायचं. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट आणि त्यापुढे ताप समजतात.

रक्तदाबाचं यंत्र स्वयंचलित असलं तरी माणूस नीट बसवणं आपल्याच हातात असतं. पाच मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर आधार दिलेला, बोलणं बंद. दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो. आधी पायावर पाय टाकून, गप्पा मारत मोजा, मग नीट बसवून मोजा. दोन आकडे शेजारी लिहिले की मुलांना फरक दिसतो. तेरा वर्षांपुढे १२०/८० च्या खालचा आकडा सामान्य मानतात. एखाद्या मुलाचा आकडा जास्त आला तर वर्गात काही बोलू नका. थोड्या वेळाने पुन्हा मोजा आणि तरीही जास्त राहिला तर पालकांना खासगीत कळवून डॉक्टरांकडे न्यायला सांगा.

नोंदीत चार गोष्टी हव्यात: वेळ, आकडा, एकक, मोजणाऱ्याचं नाव. जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. “तब्येत बरी नव्हती” या नोंदीचा डॉक्टरला काही उपयोग नाही. “सकाळी १०.२०, श्वास मिनिटाला २८, ओठ निळसर, वाक्य पूर्ण बोलता येत नाही” या नोंदीचा खूप आहे.

पायरी ५: मदत बोलावणे आणि सीपीआर

छाती दाबण्याआधी फोन शिकवा. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा. एकजण फोन करणारा, दुसरा रुग्णवाहिकेच्या केंद्रात बसलेला. मुलं “लवकर या!” म्हणतात आणि फोन ठेवतात. पलीकडच्याला विचारा, गाडी कुठे पाठवशील? मग क्रम बसवा: मी कुठे आहे आणि जवळची खूण काय, काय झालं, किती माणसं, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. समोरचा ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. तुमच्या भागातला आपत्कालीन क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ हवा.

पुढचा क्रम असा. जागा सुरक्षित आहे का ते पाहा. विजेची तार, वाहतूक, आग असेल तर आधी तिकडे लक्ष. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर मदतीला ओरडा. एकाला बोट दाखवून फोन करायला आणि दुसऱ्याला एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं स्वयंचलित यंत्र, आणायला सांगा. “कुणीतरी फोन करा” म्हटलं की कुणीच करत नाही. श्वास दहा सेकंदांच्या आत तपासा. मधूनच घेतलेला आचका हा श्वास नव्हे, हे दोनदा सांगा. जवळच्या माणसांची फसगत इथेच होते आणि मोलाची मिनिटं जातात.

श्वास नसेल तर छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात. कोपर सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर. प्रौढांत पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ती वर येते तेव्हाच हृदयात पुन्हा रक्त भरतं. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं ॲप) मिनिटाला ११० वर लावून ठेवला की गती आपोआप सांभाळली जाते. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो आणि ते दाबणाऱ्याच्या लक्षात येत नाही. प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी तीस दाबांनंतर दोन श्वास हे प्रमाण आहे. पहिल्या वर्षी मुलांना फक्त छाती दाबायला शिकवलं तरी चालेल. बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलाला मात्र श्वासही द्यावे लागतात, एवढं सांगून ठेवा आणि दुसऱ्या वर्षी शिकवा.

अंगाने बारीक मुलांना पूर्ण खोली गाठता येत नाही आणि ती हिरमुसतात. त्यांना गुडघे रुग्णाच्या अगदी जवळ आणून कंबरेतून भार टाकायला सांगा. तरी जमलं नाही तर फोन, एईडी आणि मोजणी ही कामं त्यांची. आणि त्यांनी इतर कुणाला शिकवलं तर मोठा माणूस त्यांच्या सूचनेने दाबू शकतो.

पुतळा नसेल तर घट्ट भरलेल्या पिशवीवर हातांची जागा आणि लय शिकवता येते, खोली शिकवता येत नाही. जिवंत माणसाच्या छातीवर सराव कधीही, गमतीतसुद्धा, करायचा नाही.

याचा उपयोग होतो का, असं कुणी विचारेलच. डेन्मार्कमध्ये २००५ पासून शाळांत पुनरुज्जीवनाचं शिक्षण सक्तीचं झालं, त्याच्या जोडीला वाहन परवान्यासाठी प्रशिक्षण आणि एईडींची वाढ हेही झालं. २००१ ते २०१० या काळात तिथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी, आजूबाजूच्या लोकांनी सीपीआर सुरू केलेल्यांचं प्रमाण सुमारे २१ वरून ४५ टक्क्यांवर गेलं आणि तीस दिवस जगलेल्यांचं ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर. श्रेय एकट्या शाळांचं नाही, पण शाळांशिवाय हे घडलं असतं असं मला वाटत नाही.

शेवटी मुलांना हेही सांगा की सगळं बरोबर करूनही माणूस वाचेलच असं नसतं, आणि तो दोष त्यांचा नसतो. हे आधी सांगितलेलं असणं फार गरजेचं आहे.

पायरी ६: रोजचे अपघात

इथे व्याख्यान नको. चिठ्ठ्यांवर प्रसंग लिहा, गटांना द्या, करून दाखवायला सांगा. तुमच्या हाताशी असू द्यावं असं थोडक्यात:

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने थेट जखमेवर दाब, आणि दाब सोडून डोकावून पाहायचं नाही. कापड भिजलं तर काढू नका, त्यावर दुसरं ठेवा. जखमेत काही रुतलं असेल तर उपटू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा.

भाजलं तर वीस मिनिटं वाहतं थंड पाणी. वीस मिनिटं किती लांबतात हे कळावं म्हणून एका स्वयंसेवकाचा हात खरोखर तेवढा वेळ नळाखाली ठेवा आणि तोवर बाकीचा वर्ग चालू ठेवा. अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढायचं. बर्फ, टूथपेस्ट, तेल, काहीही लावायचं नाही, फोड फोडायचे नाहीत.

घशात अडकलं आणि खोकता येत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध पाठीत पाच जोरदार थापा, मग बेंबीच्या वर, पोटात आत-वरच्या दिशेने पाच झटके, आणि हेच आलटून पालटून. शुद्ध हरपली तर सीपीआर. गरोदर बाई आणि वर्षाखालच्या बाळाला पोटात झटके द्यायचे नाहीत. सरावात वर्गमित्राला फक्त हातांची जागा दाखवायची, झटका नाही.

आकडी आली तर दाबून धरायचं नाही, तोंडात काहीही घालायचं नाही. डोक्याखाली मऊ काही द्या, आजूबाजूच्या वस्तू हलवा, वेळ मोजा. झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांहून जास्त चाललं तर रुग्णवाहिका. वर्गात आकडीचा त्रास असलेलं मूल असेल आणि त्याची इच्छा असेल, तरच त्याला बोलू द्या.

नाकातून रक्त: पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं चिमटीत. घेरी आली: आडवं झोपवून पाय वर.

पायरी ७: घरातल्या आजारी माणसाची काळजी

हा भाग अनेक प्रशिक्षणांत नसतो, आणि मुलांच्या वाट्याला प्रत्यक्षात हाच सगळ्यात जास्त येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर टाचा, माकडहाड आणि नितंबांवर दाबाच्या जखमा होतात. मुलांना वीस मिनिटं अजिबात न हलता पाठीवर झोपायला सांगा. कुठे दुखायला लागलं ते त्यांनाच दाखवू द्या. माणसाला उठवताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसवायचं, चक्कर येत नाही ना ते विचारायचं, मग उभं करायचं. उचलणाऱ्याने गुडघ्यात वाकायचं, कंबरेत नाही.

जुलाब होत असतील तर जलसंजीवनी. तयार पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा पाच मिलिलिटरचा. ‘सपाट’ म्हणजे काय ते चमच्यावर सुरी फिरवून दाखवा. मीठ जास्त पडणं धोक्याचं आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाइन कमी पडलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच द्रावण पिंपांतून वाटलं आणि ते पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. पाजणारे ना डॉक्टर होते ना परिचारिका.

औषधांच्या रिकाम्या वेष्टनांवरून नाव, ताकद, मुदत वाचायला लावा. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांतला फरक स्वतः मापून पाहू द्या. इथला थांबा ठरलेला: वाचून दाखवायचं, स्वतःहून द्यायचं नाही.

पायरी ८: तपासणी आणि उजळणी

लेखी परीक्षा घेऊ नका. प्रत्येक कौशल्याची सहा-सात ओळींची यादी करा आणि मूल करत असताना जोडीदाराला खुणा करू द्या. गुण देऊ नका. ‘जमलं’ आणि ‘पुन्हा करूया’ एवढंच.

सीपीआरचा हात तीन ते सहा महिन्यांत ढिला पडतो, म्हणून तीन महिन्यांनी अर्ध्या तासाचं सत्र आधीच वेळापत्रकात टाकून घ्या. त्या दिवशी काही न सांगता वर्गाच्या मध्यभागी पुतळा ठेवा, “हा आत्ता कोसळला” एवढंच म्हणा आणि मागे उभे राहा. पहिल्या मिनिटात कोण काय करतं आणि काय राहून जातं ते लिहून घ्या. बहुतेकदा हात छातीवर पटकन जातात आणि फोन करायचा राहतो. जे राहिलं तेवढंच पुन्हा शिकवा, आणि निघण्याआधी पुढच्या उजळणीची तारीख शाळेकडून ठरवून घ्या.